विश्लेषण : उत्तर ध्रुवावरचे आकाश तापते, त्याची खबर अलिबागला कशी लागते?

जानेवारीतल्या सकाळी गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याच्या जेट्टीला लागते. तेवढ्या वेळात मोबाइलवर एखादी तरी बातमी हमखास सरकवून होते : ‘पोलर व्होर्टेक्स फुटला, आता थंडीची लाट’. गेली काही वर्षे दर हिवाळ्यात असे मथळे येतात. खाली कुणी तरी विचारतेच, ‘मग अलिबागला स्वेटर घेऊन जायचा का?’

या मथळ्यांमागची घटना खरी आहे. उत्तर ध्रुवावर, जमिनीपासून साधारण ३० किलोमीटर उंचीवरची हवा अधूनमधून आठवडाभरात ४०-५० अंशांनी तापते. स्वेटरचा आणि तिचा संबंध मात्र जवळपास नाही. तरीही ती घटना आपल्या डोक्यावरच्या आकाशापर्यंत पोहोचते. तिचा माग आंध्र प्रदेशातला एक हिरवा लेसर काढतो आणि मांडव्याहून वीसेक किलोमीटरवर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतही तिची नोंद सापडते. ती कशी, हे समजून घेऊ.

ही ‘अचानक तापमानवाढ’ म्हणजे नेमके काय?

शाळेच्या पुस्तकातले वातावरणाचे थर आठवा. आपण राहतो तो तपांबर. ढग, पाऊस, वादळे सगळे इथेच. त्यावर स्थितांबर. कोकणावर ते साधारण १६-१७ किलोमीटरवर सुरू होते आणि ५० किलोमीटरच्या आसपास संपते. त्यावर मध्यांबर, आणि त्याहून वर विद्युतभारित कणांचा थर, म्हणजे आयनांबर.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर महिनोन्महिने सूर्य उगवत नाही. तिथल्या स्थितांबरातली हवा उणे ७०-८० अंशांपर्यंत थंड होते आणि तिच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांचे कडे तयार होते. हाच तो ध्रुवीय भोवरा, म्हणजे पोलर व्होर्टेक्स. काही हिवाळ्यांत हे कडे एकाएकी ढिले पडते, एका बाजूला सरकते किंवा त्याचे दोन तुकडे होतात आणि आतली हवा झपाट्याने तापते. ६० अंश उत्तर अक्षांशावर, सुमारे ३० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांची दिशाच उलटली, तर शास्त्रज्ञ त्या घटनेला ‘मोठी’ म्हणतात.

बर्लिनमधले हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ च्या हिवाळ्यात फुग्यांनी घेतलेल्या नोंदींत हा प्रकार प्रथम पाहिला. तेव्हापासूनचा हिशेब पाहिला तर उत्तर गोलार्धात अशी मोठी घटना दशकात सरासरी सहा वेळा घडते. दक्षिण गोलार्धात मात्र नोंदींच्या काळात ती एकदाच घडली, सप्टेंबर २००२ मध्ये. २०२४ च्या हिवाळ्यात तर जानेवारी आणि मार्च अशी दोनदा वाऱ्यांची दिशा उलटली.

नावात ‘तापमानवाढ’ असली तरी तिची जागतिक तापमानवाढीशी गल्लत करू नये. ही काही दिवस-आठवड्यांची उलथापालथ आहे, दशकांची नाही.

ऊनच नाही, तर हवा तापते कशाने?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाची नळी गरम होते. हवा दाबली गेली की ती तापते. ध्रुवावरही तेच होते.

हिमालय, रॉकी यांसारख्या पर्वतरांगा आणि जमीन-समुद्र यांच्या तापमानातला फरक यांमुळे वातावरणात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा तयार होतात. हिवाळ्यात त्या वर चढत स्थितांबरात पोहोचतात. किनाऱ्यावर लाट फुटते तशा त्या तिथे फुटतात आणि ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांना ब्रेक लावतात. वारे मंदावले की वरची हवा ध्रुवावर खाली बसू लागते, खाली येता येता दाबली जाते आणि तापते. जपानी शास्त्रज्ञ तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही कारणमीमांसा आजही पायाभूत मानली जाते.

इथे आपल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा असा की हवा एका ठिकाणी खाली बसली, तर दुसरीकडे ती वर चढणारच. ध्रुवावरचे स्थितांबर तापत असताना उष्ण कटिबंधावरचे स्थितांबर बहुतेक वेळा थोडे थंड होते. त्याहून वरच्या थरांत चित्र पुन्हा उलटे होते : ध्रुवावरचे मध्यांबर थंड आणि उष्ण कटिबंधावरचे थोडे उष्ण. म्हणजे ध्रुवावरच्या घटनेत मुंबई-रायगडवरचे आकाशही सामील असते. फक्त बदलाचे प्रमाण लहान असते, म्हणून ते पकडायला नेमकी उपकरणे लागतात.

एवढ्या उंचीवर तापमान मोजायचे कसे?

हीच मोठी अडचण आहे. हवामान खात्याचे फुगे साधारण ३०-३५ किलोमीटरवर जाऊन फुटतात. विमाने त्याच्या निम्म्या उंचीपर्यंतही जात नाहीत. कृत्रिम उपग्रह तर शेकडो किलोमीटर वर. मधला ३० ते ९० किलोमीटरचा पट्टा फुग्याला फार उंच आणि उपग्रहाला फार खाली.

पूर्वी तिथे रॉकेट सोडत. केरळच्या थुंबा केंद्रावरून १९७० पासून पुढची सुमारे दोन दशके सोव्हिएत बनावटीची ‘एम-१००’ हवामान रॉकेटे नियमित सोडली गेली. पण रॉकेट महागडे आणि एका उड्डाणात मोजमाप एकदाच. रात्रभर दर काही मिनिटांनी नोंद हवी असेल, तर रॉकेट परवडत नाही. इथे लेसर कामाला येतो.

लायडार काम कसा करतो?

रडार रेडिओलहरी सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकतो. लायडार तेच प्रकाशाने करतो. हे नाव आता अनोळखी राहिलेले नाही. काही महागड्या फोनच्या कॅमेऱ्याजवळ लायडार असतो आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गाचे सर्वेक्षणही विमानात बसवलेल्या लायडारने झाले. तिथे प्रकाश भिंतीवर किंवा जमिनीवर आपटून परततो. आकाशाकडे रोखलेल्या लायडारचा प्रकाश मात्र हवेच्या रेणूंवरून परततो.

लेसरचा शोध १९६० चा. तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या फिओको आणि स्मलिन यांनी लेसर आकाशात सोडून उंचावरून आलेले प्रतिध्वनी टिपले.

एका हिरव्या लेसरची कल्पना करा. तो सेकंदाला वीस वेळा, प्रत्येक वेळी काही अब्जांश सेकंदापुरता, सरळ वर चमकतो. प्रत्येक स्पंदात प्रकाशाचे अब्जावधी अब्ज कण, म्हणजे फोटॉन असतात. हवेचे रेणू त्यांतले काही विखुरतात. आकाश निळे दिसते ते याच विखुरण्यामुळे. विखुरलेल्यांपैकी अगदी मूठभर फोटॉन सरळ खाली, दुर्बिणीच्या आरशात परत येतात. ते एकेक करून मोजले जातात.

उंची कशी कळते? वेळेवरून. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. ४५ किलोमीटरवर जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचे दहा हजारांतले फक्त तीन भाग लागतात. घड्याळ दोन मायक्रोसेकंदांचे कप्पे पाडत असेल, तर प्रत्येक कप्पा ३०० मीटर जाडीच्या हवेच्या थराचा होतो. कुठल्या कप्प्यात किती फोटॉन आले, एवढाच हा हिशेब.

फोटॉन मोजून तापमान कसे काढतात?

लायडार तापमान थेट मोजत नाही. तो मोजतो हवेची दाटी. जितके रेणू जास्त, तितके परतणारे फोटॉन जास्त. ५० किलोमीटरच्या आसपास हवा जमिनीवरच्या हवेच्या सुमारे एक हजारांश इतकी विरळ असते, तर ८० किलोमीटरवर साधारण साठ हजारांश. त्यामुळे वरून येणारे फोटॉन अत्यंत कमी. तेवढ्यासाठी अनेक मिनिटांची, कधी रात्रभराची मोजणी एकत्र करावी लागते.

पुढचे गणित बारावीच्या भौतिकशास्त्राचे आहे. कुठल्याही उंचीवरचा हवेचा दाब म्हणजे तिच्या वर असलेल्या सगळ्या हवेचे वजन. दाटी माहीत असेल तर वरून खालपर्यंत वजनाची बेरीज करत दाब काढता येतो. दाब आणि दाटी दोन्ही कळले की वायूच्या नियमाने तापमान मिळते. सुरुवात करताना सगळ्यात वरच्या टोकाचे तापमान गृहीत धरावे लागते. पण खाली येताना हवा भराभर दाट होत जाते, त्यामुळे त्या गृहीतकातली चूक दहा-पंधरा किलोमीटरमध्ये विरून जाते. फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ओशकोर्न आणि शानां यांनी ही पद्धत १९८० च्या सुमारास बसवली. जगभर आजही हीच वापरतात.

तिची खालची मर्यादा सुमारे ३० किलोमीटर. त्याखाली धूलिकण आणि ज्वालामुखींचे सूक्ष्म कण असतात. त्यांच्यावरूनही प्रकाश परततो आणि हिशेब बिघडतो.

भारतात हे काम कुठे चालते?

तिरुपतीजवळच्या गादंकी गावात राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे १९९८ मध्ये जपानच्या सहकार्याने लायडार बसवला गेला. वर वर्णन केलेला, सेकंदाला वीस वेळा चमकणारा हिरवा लेसर तोच. पुढे तिथे सोडियम लायडारही आला. उल्का जळून गेल्यावर त्यांच्यातले सोडियम ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान पातळ थर करून राहते. पिवळ्या लेसरने तो थर उजळून त्याचा अभ्यास करता येतो. राजस्थानात माउंट अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनेही असाच लायडार चालवला आहे.

गादंकीच्या नोंदींतली सर्वांत बोलकी रात्र फेब्रुवारी २००१ मधली. स्थितांबराच्या अगदी माथ्यावर, ४५ किलोमीटरच्या आसपास, हिवाळ्यातल्या सरासरीपेक्षा सुमारे १८ अंश अधिक तापमान सलग दोन दिवस दिसले. त्याच सुमारास उत्तर ध्रुवावर मोठी तापमानवाढ चालू होती. साडेतेरा अंश अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून आठ हजारांहून अधिक किलोमीटर दूर, तिचा ठसा असा स्पष्ट उमटावा हे तेव्हा नवे होते. २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ध्रुवाकडून खाली पसरणाऱ्या ग्रहीय लाटांशी त्याचा संबंध जोडण्यात आला.

वर म्हटले की उष्ण कटिबंधात स्थितांबर सहसा थंड होते. मग इथे ते तापले कसे? कारण थर बदलला की वर्तन बदलते. ३० किलोमीटरवर थंडावा असताना ४५ किलोमीटरवर उष्मा असू शकतो. एकाच जागेवर, दर ३०० मीटरला, रात्रभर पाहत राहणारा लायडार हा फरक दाखवतो. लायडारचे खरे मोल इथे आहे.

आणि महाराष्ट्रात?

लेसरने हवा तपासण्याचे काम महाराष्ट्रात जुने आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत १९८० च्या दशकातच लायडार होता. त्याचा रोख मात्र खालच्या हवेतल्या धूलिकणांवर होता, स्थितांबराच्या माथ्यावर नव्हे.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा रडार होता. त्याने ८० ते ९८ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या वाऱ्यांच्या नोंदी घेतल्या. लायडार तापमान सांगतो, हा रडार वारे सांगतो. ध्रुवावर उलथापालथ झाली की या उंचीवरच्या वाऱ्यांची रोजची लयही बदलते.

याच भूचुंबकत्व संस्थेची, नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या संस्थेची, सर्वांत जुनी वेधशाळा अलिबागला आहे.

अलिबागचा संबंध कुठे येतो?

पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या वर, सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रवाह पूर्वेकडे वाहत असतो. त्याला विषुववृत्तीय विद्युतझोत म्हणतात. तो चालतो सायकलच्या डायनामोसारखा : वारे विद्युतभारित हवेला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ढकलतात आणि वीज निर्माण होते. प्रवाह असला की त्याचे चुंबकीय क्षेत्र आलेच. ते जमिनीवरच्या चुंबकमापीला जाणवते.

तमिळनाडूतले तिरुनेलवेली या झोताच्या पट्ट्यात आहे. अलिबाग त्याबाहेर, उत्तरेला. सूर्यावरच्या वादळांचा आणि इतर मोठ्या प्रवाहांचा परिणाम दोन्ही ठिकाणी होतो, पण झोताचा मुख्य परिणाम फक्त तिरुनेलवेलीत. म्हणून शास्त्रज्ञ तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करतात. उरतो तो निव्वळ झोत. भारतावरच्या या प्रवाहाचा अभ्यास करणारे जगभरचे संशोधक ही वजाबाकी वापरतात. अलिबाग हा त्यातला स्थिर संदर्भ. तराजूचे दुसरे पारडे म्हणा.

आता ध्रुवाकडे परत येऊ. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय शास्त्रज्ञांनी तिरुनेलवेलीच्या रडारवरचे वारे आणि ही वजाबाकी शेजारी-शेजारी ठेवली. ध्रुवावर मोठी तापमानवाढ झाली की इथल्या मध्यांबरात दिवसातून दोनदा येणारी वाऱ्यांची भरती जोर धरते आणि दुपारचा विद्युतझोत कमजोर पडतो. काही दिवस तर तो उलटा, पश्चिमेकडे वाहू लागतो, असे त्यातून दिसले.

जानेवारी २००९ मध्ये ध्रुवीय भोवऱ्याचे दोन तुकडे झाले. नोंदींतल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी ती एक. त्या वर्षी सूर्य कमालीचा शांत होता, त्यामुळे आयनांबरातल्या बदलांचा दोष सूर्यावर ढकलण्याची सोय नव्हती. पेरूपासून भारतापर्यंत विषुववृत्ताजवळच्या केंद्रांवर सकाळी वाढ आणि दुपारी घट असा एकच आकृतिबंध दिसला. हवामान खालून वर आयनांबरावर परिणाम करते, हे त्यानंतर गांभीर्याने घेतले जाऊ लागले.

यात चंद्र कुठून आला?

ही गोष्ट मांडव्याच्या कोळ्याला सांगायची गरज नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. पुढे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण ती सूर्याच्या नव्हे तर चंद्राच्या घड्याळाने चालते.

हवेलाही चंद्राची भरती-ओहोटी असते. एरवी ती इतकी क्षीण की सूर्याच्या उष्णतेने येणाऱ्या लाटांपुढे दिसत नाही. ध्रुवावरची तापमानवाढ झाली की वरच्या हवेतल्या वाऱ्यांची रचना बदलते आणि चंद्राच्या या लाटेला वर चढताना अनुकूल वाट मिळते. ती कितीतरी पट वाढते. विद्युतझोत उलटण्याची वेळही मग रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकताना दिसते. जेट्टीखालचे पाणी आणि १०५ किलोमीटरवरची वीज, दोघेही त्या दिवसांत एकाच घड्याळावर चालतात.

मग कोकणात थंडी वाढते का?

थेट नाही. भोवरा विस्कटल्यानंतर युरोप आणि उत्तर अमेरिकेत पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत कडाक्याच्या थंडीची शक्यता वाढते. फेब्रुवारी २०१८ च्या घटनेनंतर ब्रिटनसह युरोप गारठला, ते याचे गाजलेले उदाहरण. पण दरवेळी तसे होतेच असे नाही.

महाराष्ट्रातली थंडी मुख्यतः पश्चिमी विक्षोभ सरकून गेल्यावर उत्तरेकडून वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्यांवर ठरते. रायगडच्या किनाऱ्यावर तर समुद्र पारा फार उतरू देत नाही. त्यामुळे ‘भोवरा फुटला, आता कोकण गारठणार’ अशी पोस्ट आली तर ती पुढे ढकलू नका.

आपल्याला परिणाम जाणवतो तो दुसरीकडे. जीपीएसचा संकेत आयनांबरातून येतो. तिथल्या विद्युतभारित कणांची संख्या बदलली की संकेत किंचित रेंगाळतो आणि जागा काही मीटरने चुकू शकते. फोनवर रस्ता शोधताना ते लक्षातही येणार नाही. पण विमान उतरवण्यासाठी किंवा अचूक मोजणीसाठी काही मीटर खूप असतात. विमानांसाठी भारताने उभारलेल्या ‘गगन’ प्रणालीला आयनांबराचा अंदाज सतत घ्यावा लागतो तो म्हणूनच. सूर्याच्या वादळाची सूचना काही तासांची किंवा फार तर दोन-तीन दिवसांची असते. ध्रुवावरच्या तापमानवाढीचा अंदाज आठवडाभर आधी बांधता येतो आणि तिचे परिणाम कित्येक दिवस टिकतात. हा आगाऊ वेळ वापरायचा, तर विषुववृत्ताजवळ काय घडते याच्या नोंदी हव्यात.

मग मांडव्यालाच लायडार का नाही?

एक गोष्ट अनुकूल आहे : या घटनांचा हंगाम डिसेंबर ते मार्च, आणि कोकणातले आकाश स्वच्छ असते तेही तेव्हाच. जून ते सप्टेंबर ढगांमुळे लायडार बंदच राहणार, पण तेव्हा उत्तर ध्रुवावरही शांतता असते.

बाकी सगळे प्रतिकूल. लायडारला काळोख लागतो. परतणारे मोजके फोटॉन शहराच्या उजेडात हरवतात, आणि खाडीपलीकडे मुंबई रात्रभर लखलखत असते. समुद्राची खारी दमट हवा आरसे आणि भिंगे खराब करते. शिवाय शक्तिशाली लेसर सरळ वर सोडायचा तर वरून विमाने जाता कामा नयेत, किंवा त्या वेळी लेसर बंद ठेवावा लागतो. मुंबई आणि नवी मुंबई अशा दोन विमानतळांच्या शेजारी ते किती अवघड, हे सांगायला नको. गादंकी आणि गुरुशिखर निवडले गेले ते उगाच नव्हे.

उपग्रह आहेत, तर जमिनीवरची केंद्रे कशाला?

उपग्रहांनी मोठे काम केले आहे. युरोपचा ‘एओलस’ हा लेसरने वारे मोजणारा पहिला उपग्रह २०१८ मध्ये गेला. जानेवारी २०२१ मध्ये भोवरा विस्कटताना खालून सुमारे ३० किलोमीटरपर्यंतचे वारे त्याने थेट मोजले. जुलै २०२३ मध्ये त्याला वातावरणात उतरवून संपवण्यात आले. त्याचा वारसदार पुढच्या दशकात सोडण्याचा बेत आहे. त्याहून वरच्या तापमानाच्या जागतिक नोंदी वर्षानुवर्षे प्रामुख्याने अमेरिकेच्या दोन उपग्रहांनी दिल्या : २००१ मध्ये गेलेला ‘टाइम्ड’ आणि २००४ मध्ये गेलेला ‘ऑरा’. दोघांचेही नियोजित आयुष्य केव्हाच उलटून गेले.

उपग्रह येतात आणि जातात. दोन उपग्रहांमधली वर्षे जोडायला जमिनीवरचे उपकरण लागते, जे त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजत राहते. दशकात सहाच वेळा घडणारी घटना समजून घ्यायची तर दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाने भागत नाही.

अशी जागा किती नाजूक असते, हे आपल्या किनाऱ्याला ठाऊक आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडतील हे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखले. गोंगाटापासून दूर म्हणून अलिबाग निवडले गेले आणि तिथे चुंबकाला न भुलवणाऱ्या दगडात वेधशाळा बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी मोजणी करून दोन्ही नोंदींचा सांधा जुळवला, मगच कुलाबा बंद झाले. म्हणून ती साखळी आजपर्यंत तुटलेली नाही.

तेव्हाचे अलिबाग आता तसे आडबाजूचे राहिलेले नाही. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट गाड्यांसह मांडव्याला येते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. रस्ते रुंदावत आहेत, बांधकामे वाढत आहेत. चुंबकमापीला लोखंड, वाहने आणि मोठे वीजप्रवाह जवळ नकोत. लायडारला उजेड नको. विकास अडवा असा याचा अर्थ नाही. १९०४ मध्येही ट्राम कुणी अडवली नव्हती. पण वेधशाळेचा प्रश्न ट्राम धावण्याआधी विचारला गेला होता, आणि नव्या जागेसाठी दोन वर्षांची तयारी झाली होती.

पुढच्या वेळी भोवरा विस्कटेल, तेव्हा गादंकीचा लेसर रात्री वर पाहील आणि दिवसा तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा होईल. अलिबागचा आकडा गोंगाटात बुडालेला असेल, तर ती वजाबाकी करता येणार नाही. मांडवा-अलिबाग पट्ट्याच्या प्रत्येक नव्या आराखड्यात वेधशाळेभोवतीच्या शांततेचा विचार आधी झाला आहे का, हे म्हणूनच विचारायला हवे.